लिटरला बावीस

गाडीचा रंग, पिकअप आणि पुष्कळदा ब्रेक यांपेक्षाही लिटरमागे पडणाऱ्या किलोमीटरचा ज्याला अभिमान असतो, अशा जुन्या डिझेल गाडीच्या मालकास अ‍ॅव्हरेजवाला म्हणावे. हा प्राणी महाराष्ट्रभर आढळतो. बार्शीत त्याची वस्ती दाट आहे. भुसार बाजारातले अडते, निवृत्त मास्तर, औषध दुकानदार यांच्यात तो विशेष दिसतो. वय पन्नाशीपुढे. वाहन बहुधा इंडिका, नाहीतर 2011च्या आसपासची डिझेल स्विफ्ट. बोलेरोवालेही अधूनमधून आकडे सांगतात, पण जातिवंत अ‍ॅव्हरेजवाला त्यांना पंगतीला बसू देत नाही.

या जातीची पैदास स्वस्त डिझेलवर झाली. टाटांची इंडिका 1998च्या डिसेंबरात आली. तिचे 1405 सीसीचे डिझेल इंजिन आवाज करी, काळा धूर सोडी, पण पेट्रोल गाडीच्या निम्म्या खर्चात सोलापूर गाठून देई. 2012च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात लिटरमागे 25-30 रुपयांचे अंतर होते. जानेवारी 2013पासून डिझेल महिन्याला 50 पैशांच्या आसपास चढू लागले आणि ऑक्टोबर 2014मध्ये त्याचा भाव सरकारने मोकळा सोडला. अंतर आटत गेले. श्रद्धा आटली नाही.

दोन अ‍ॅव्हरेजवाले भगवंताच्या देवळासमोर भेटले की तब्येत नंतर विचारतात. आधी प्रश्न येतो, “काय बसतंय?” उत्तर ठरलेले: “बावीस बसतंय की!” हा आकडा आला कुठून, हे अनेकांना सांगता येत नाही. स्विफ्टवाल्यांचा मात्र कंपनीच्या कागदावरून आला आहे, तिथे 22.9 छापले होते. ती चाचणी रोलरवर होते. एसी बंद असतो, वेग 90च्या वर जात नाही, समोरून वारा नसतो, खड्डा नसतो, डिकीत तुरीचे पोते नसते आणि मागच्या सीटवर काकू नसतात. प्रत्यक्षात वय झालेली डिझेल गाडी वैरागमार्गे सोलापूरला साठाच्या चालीने नेली तर सतरा-अठरा देते, आणि हे मुळीच वाईट नाही. डिझेलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा ऊर्जाच जास्त, शिवाय हे इंजिन हवा जास्त दाबते. पण सतरा सांगायला अ‍ॅव्हरेजवाल्याची जीभ वळत नाही. गावातल्या गावात, घर ते मार्केट यार्ड, इंजिन गरम व्हायच्या आत बंद होते आणि आकडा आणखी खाली येतो. त्या किलोमीटरांची गणना तो करीत नाही. तो ‘लाँगला’ काय पडते तेवढेच धरतो.

मोजणीची पद्धत मात्र शास्त्रीय आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. टाकी फुल करायची, फिरायचे, पुन्हा फुल करायची. पहिल्या वेळी तो गाडी हलवून हलवून टाकी गळ्यापर्यंत भरतो, पोराच्या हातात झाकण देऊन. परत आल्यावर गर्दी असते, मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न देत असतो, आणि पहिला ऑटो कट पडला की नोझल निघते. डिझेलला फेस फार. फेसाने कट लवकर पडतो. समजा गाडी 340 किलोमीटर चालली आणि खरे डिझेल 20 लिटर जळले, तर हिशेब सतराचा. पण भरले गेले 17 लिटर, म्हणून हिशेब निघतो विसाचा. वरचे दोन ‘त्या दिवशी एसी होता’ म्हणून दिले जातात. टायर गुळगुळीत झाले असतील तर आणखी सोय. झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणून तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त फिरते आणि मीटर दोनेक टक्के जादा किलोमीटर दाखवते. टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडले, अशी तक्रार बार्शीत ऐकू येते ती यामुळेच. दोष नव्या टायरच्या कंपनीला मिळतो.

चालवण्याच्या रीतीत येडशीच्या घाटाला मानाचे स्थान आहे. बार्शीकडे उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकणे हा या पंथाचा मुख्य विधी. वास्तविक गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिन फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल लागतेच. म्हणजे विधीत पुण्य नाहीच, वर इंजिनाचा ब्रेक जातो. कट्टर लोक इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला व्हॅक्यूमचा जोर मिळेनासा होतो, स्टिअरिंग जड होते आणि काकूंचे नामस्मरण सुरू होते.

एसीविषयी त्याचे मत ठाम असते. वैशाखात बार्शी तापली तरी काचा खाली. सपाट रस्त्यावर तो नव्वदला जातो, काचांतून वारा भरभरून आत येतो, आणि साठाच्या मानाने हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. तेवढे डिझेल त्याच्या वहीत कुठेच दिसत नाही. वजनाचेही तेच. 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे आखताना एव्हरार्ड कॅलथ्रॉपने दर आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू दिला नाही. गावाला हलकेपणाचे गणित इतके जुने ठाऊक आहे. तरी लातूरच्या व्याह्यांकडे जाताना डिकीत पन्नास किलो ज्वारी बसतेच. एअर फिल्टर बदलण्याऐवजी हवा मारून झटकला जातो. धूर काळा झाला की नोझल आणि पंपाचे काम निघते. त्या बिलात किती वर्षांची बचत गेली, हा हिशेब वहीत येत नाही, कारण ते ‘मेंटेनन्स’.

पंधरा वर्षे झाली की आरटीओत फिटनेस, पाच वर्षांचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर. बरेच जण इथे गाडी काढतात. व्यवहारात स्टेपनी, जॅक, आरसी आणि बावीसचा आकडा नव्या मालकाकडे जातो. तो पहिली टाकी मोजतो, सोळा भरतात, आणि पंपावर माप मारले जाते या निष्कर्षाला येऊन दुसरा पंप धरतो.