बैल बंडीवर

अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास मान वर करून चाललं, की 'फाडफाड इंग्रजी बोला'च्या पाट्या दिसतात. अकोल्यातही तेच. पाटीवर टाय लावलेला एक तरुण हसत असतो. पन्नाशीचा माणूस त्या पाटीवर कधी दिसत नाही, आणि खरी अडचण तर त्याचीच. वऱ्हाडी माणूस आपल्या बोलीत कोणाला हार जायचा नाही. बाजार समितीत कापसाच्या भावावरून तासभर भांडेल. त्यालाच कोणी इंग्रजीत नाव विचारलं, की तो ते आठवायला लागतो. पोट्टे चुकले तर लोक कौतुकानं हसतात. सासरे चुकले तर सून हसते, हा फरक आहे.

माझी एक मावसबहीण अकोल्यात जठारपेठेत घरच्या हॉलमध्ये मोठ्यांचा इंग्रजीचा वर्ग घेते. ती मूळची ड्रॉइंग टीचर. तिचं म्हणणं असं, की आपल्याकडे मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी खरं तर ड्रॉइंगच्या तासालाच शिकवलं गेलं, फक्त तसं कोणी सांगितलं नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेला मुलगा ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, शेडिंग, बॅकग्राउंड बिनधास्त बोलतो. इंटरमिजिएटला तर तो स्टिल लाइफपर्यंत पोचतो. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनच्या रंगपेटीनं त्याला क्रिमसन लेक, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना पाठ करून दिले. यलो ऑकर संपला म्हणून बापाकडे पैसे मागताना त्याला इंग्रजीची भीती कधी वाटली नाही.

म्हणून तिच्या वर्गात पेन्सिल आधी आणि व्याकरण मागून येतं. दोघं जण पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात चित्र असतं, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्यानं इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून काढायचं. एका काकूंनी बंडीचं चित्र सांगितलं आणि एसटीतून रिटायर झालेल्या भाऊंनी ते काढलं. कागद उलटला तर बैल बंडीवर ऐटीत बसलेला.

"काहून हो भाऊ, बैल वर कायले चढवला?"

"म्या कुठी चढवला? तुमीच तं म्हनलं, ऑन द कार्ट!"

आमची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढली. तिथली चूक लाल शाई येईपर्यंत वहीत निवांत झोपायची. इथं ती चार पायांवर उभी राहते, आणि ज्यानं केली तोच आधी हसतो. त्या दिवसानंतर काकूंचं 'इन फ्रंट ऑफ' आजवर चुकलेलं नाही.

चित्रावर बोट ठेवून परकी भाषा शिकवायची युक्ती तशी जुनी. कोमेनियस नावाच्या मोरावियातल्या शिक्षकानं १६५८ मध्ये न्यूरेम्बर्गला मुलांसाठी लॅटिनचं सचित्र पुस्तक छापून घेतलं. चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि मजकुरातल्या शब्दांना तेच आकडे. पण त्यातली चित्रं सराईत हातांची होती. जठारपेठेतली मजा ती धड नसण्यात आहे. माठ काढला की तो वांगं वाटतो, मग हे वांगं नाही, माठच आहे, हे इंग्रजीत पटवून द्यावं लागतं. गरज पडली की वाक्य कसंही येतं. मला तर वाटतं, इंग्रजीच्या वर्गात चांगला चित्रकार घेऊच नये. तो गप्प बसून चित्र काढतो.

रंगांचा दिवस सगळ्यात गोंगाटाचा. काळी माती रंगवायची होती. कोणी थेट काळी ट्यूब उघडली, तर शेतीतला एक जाणकार उसळला: ड्राय सॉइल ग्रे, वेट सॉइल ब्लॅक, आफ्टर रेन मोअर ब्लॅक! बहिणीनं हळूच 'ब्लॅकर' पुरवलं. तुलनेचा अख्खा धडा चिखलातून पार पडला.

मग आकाशाची पाळी आली. मे महिन्यातलं अकोल्याचं आकाश कोणत्या रंगाचं, असं बहिणीनं इंग्रजीत विचारलं. भाऊंनी ब्रश पाण्यात बुडवून खाली ठेवला.

"नो कलर, मॅडम. ओन्ली हीट."

काकूंना ते पटलं नाही. त्यांनी यलो ऑकरची ट्यूब पुढं सरकवली आणि 'बट, भाऊ' म्हणून सुरुवात केली.