आल्या दारानं

भोसरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारची. यंत्रं गप्प असतात, म्हणून तिथल्या एका कारखान्याचा सर्व्हर आजारी पडला की मला गुरुवारीच बोलावणं येतं. बिल निघायला महिने लागतात, पण चहा वेळेवर येतो.

या खेपेचा रोगी चमत्कारिक होता. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, एकाची वायर ऑफिसात गेलेली, दुसऱ्याची शॉपफ्लोअरवर. ऑफिसवाल्यांचं काम चालू, शॉपवाल्यांचंही चालू. फक्त चाकणच्या शाखेतून कुणी शॉपफ्लोअरकडच्या पत्त्यावर हाक मारली की आतून ओ नाही. चाकणचे सुपरवायझर फोनवर म्हणाले, "सर, आम्ही कायपण केलं नाही." हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. दोन चहांनंतर कळलं की दुसरं कार्ड गेल्याच आठवड्यात बसवलं होतं.

आधी सगळ्यांनी मिळून दिवे पाहिले. दोन्ही कार्डांवर हिरवे लुकलुकत होते. मग वायर काढून पुन्हा खोचली. या उपायाला शास्त्रीय आधार फारसा नाही, पण तो केल्याशिवाय आपल्याकडे कुणाचं समाधान होत नाही. शेवटी टीसीपीडंप लावून दाराशी कान लावून बसलो. चाकणची पाकिटं दुसऱ्या कार्डावर अगदी शिस्तीत येत होती. सर्व्हर मात्र बेल ऐकूनही खुर्चीतून न उठणाऱ्या आजोबांसारखा ढिम्म.

लॉगमध्ये नोंदी चालू केल्या तेव्हा उलगडा झाला. तिथं ओळीमागून ओळ उमटत होती: 'मार्शियन सोर्स'. पाहुणा मंगळावरचा आहे, असं लिनक्सचं म्हणणं. चाकण भोसरीपासून जेमतेम अठरा-वीस किलोमीटर! "काय सापडलं?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं. म्हटलं, "पत्रिकेत मंगळ निघालाय." ते गंभीर झाले. मुलीसाठी स्थळं बघत होते, हे मला नंतर कळलं.

लिनक्सचा हिशेब असा. पाकीट आलं दुसऱ्या दारानं. पण याच माणसाला मला निरोप धाडायचा झाला, तर माझ्या वाटांच्या तक्त्याप्रमाणे मी पहिल्या दारानं धाडीन. मग हा दुसऱ्या दाराशी कसा? तोतया असणार, टाका बाहेर. या संशयाला आरपी फिल्टर म्हणतात आणि तो अगदीच वेडा नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता घालणं फार सोपं असतं, म्हणून २००४ सालच्या आरएफसी ३७०४ मध्ये अशा तपासणीचे कडक आणि सैल प्रकार रीतसर लिहून ठेवले आहेत. मी या फिल्टरच्या सेटिंगमध्ये १ चा २ केला, म्हणजे कडकचं सैल. आता सर्व्हर उत्तर देऊ लागला. चाकणला तरीही काही पोचेना.

डोकं शिणलं, म्हणून टपरीवर जायला निघालो. टपरी दोन नंबरच्या गेटबाहेर. वॉचमननं वही उघडली, बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, तुमची एन्ट्री माझ्या वहीत न्हाई. आलात तिकडनंच जावा." मी सकाळी एक नंबरच्या गेटनं आलो होतो. समोर दहा पावलांवर टपरी दिसत होती. तो हलला नाही. मी त्याच्याशी दोन मिनिटं हुज्जत घातली आणि मग मध्येच गप्प झालो.

सर्व्हरचंही हेच चाललं होतं. हाक यायची शॉपच्या दारानं, उत्तर जायचं ऑफिसच्या दारानं. तिथल्या फायरवॉलसमोरून मूळ हाक गेलेलीच नव्हती, त्याच्या वहीत एन्ट्री नाही, म्हणून तो उत्तर फेकून द्यायचा. बिचारा पाहुणा जेवायचा एकीकडे आणि ढेकर द्यायचा दुसरीकडे. शेजारच्या शॉपवाल्यांना त्रास नव्हता, कारण शेजारी जायला गेटवे लागतच नाही.

खोड कुठं होती? कार्ड बसवणाऱ्यानं दोन्ही कार्डांना गेटवे भरला होता. त्याला तरी काय बोलणार? फॉर्ममधली रिकामी चौकट बघवत नाही, हा आपला शाळेपासूनचा संस्कार. पण बाहेरगावी जायचे दोन हमरस्ते दाखवले, तरी लिनक्स ज्याचा मेट्रिक कमी त्याच एकानं जातो. दुसरा नुसता शोभेला.

मुख्य तक्त्यातून शॉपचा गेटवे पुसला, २०० नंबरचा वेगळा तक्ता करून त्यात लिहिला, आणि नियम घातला की दुसऱ्या कार्डाच्या पत्त्यावरून निघणाऱ्या उत्तरानं याच तक्त्यात वाट शोधायची. आता जायची वाट यायच्या वाटेशी जुळत होती, त्यामुळे आरपी फिल्टर पुन्हा १ वर नेला तरी मंगळ उतरलेलाच राहिला. हे सारं फाइलीत लिहून मशीन एकदा बंद-चालू करून पाहिलं. तोंडी सांगितलेलं लिनक्स रीबूटनंतर विसरतो. चाकणहून फोन आला, "सर, आपोआप चालू झालं."

निघताना सर्व्हरच्या कपाटावर एक पाटी चिकटवली. मी मूळचा सदाशिव पेठेतला, त्यामुळे मजकुराला वेळ लागला नाही: 'दुसऱ्या कार्डाची गेटवेची चौकट रिकामी आहे. ती रिकामी आहे, हे आम्हांस माहीत आहे. भरू नये.'