जुने पाहुणे

वेळासला एखाद्या घरी तुम्ही उतरलात, की ओटीवर सुपारी कातरत बसलेले एक गृहस्थ "या, या, वाटेत त्रास नाही ना झाला?" म्हणून उठतात. त्यांना मालक समजून नमस्कार करू नका. मालक मागे आगरात पोफळींना पाणी लावत असतात. हे जुने पाहुणे. मुक्काम पोस्ट कोथरूड, पण जीव मंडणगड तालुक्यात.

पहिला प्रश्न रस्त्याचा. तुम्ही माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड असे आला असाल तर ते हळहळतात. "अहो, बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घालायची, वेसवीला उतरायचं, बाणकोटवरून अर्ध्या तासात दारात!" दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने आलेलं कुटुंब उतरतं. त्यांना मंडणगडच्या रस्त्याची थोरवी ऐकावी लागते. तुम्ही बरोबर वाटेने येऊच शकत नाही, कारण ती वाट त्यांना आधी विचारूनच यायची असते.

ते येतात विश्रांतीला. माझ्या पाहण्यात मात्र त्या घरात त्यांच्याइतकं कुणी राबत नाही. पहाटे उठून बंबात ढलप्या घालणं त्यांनी स्वतःकडे घेतलंय. "राहू द्या हो," असं काकू रोज सांगतात, कारण धूर सरळ स्वयंपाकघरात येतो. मग मागच्या डोंगरावरची झाडी दाखवायला आपल्याला हाकलत नेतात आणि "श्श! पक्षी उडतील" असं एवढ्या मोठ्यांदा म्हणतात की वानरंसुद्धा जागा बदलतात. परतल्यावर कळतं, की त्यांनी तुमच्या नावावर एकवीस मोदक सांगून ठेवलेत. "इथे आदल्या दिवशी सांगावे लागतात. तुम्ही नवीन, तुम्हाला कुठून माहीत असणार!" तुम्हाला साखर आहे, ही तुमची खाजगी बाब.

त्यांचा खरा दरबार भरतो किनाऱ्यावर, मार्चमध्ये. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, मग पाहुणे वाढले आणि घराघरांत राहण्या-जेवण्याची सोय झाली. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलतात. पिल्लं निघायला साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस लागतात, आणि हा हिशेब जुने पाहुणे डायरीत ठेवतात. "आज निघणार. लिहून घ्या." सगळे दोरीमागे श्वास रोखून उभे. टोपली उचलली जाते. खाली वाळू. एवढ्याने खचतील तर ते जुने कसले? "वाळू अजून तापली नाही," ते म्हणतात, आणि शेजारच्या नवविवाहित जोडप्याला उबदार वाळूत माद्या आणि गार वाळूत नर कसे होतात हे समजावू लागतात. जोडपं दुसऱ्या टोकाला सरकतं.

एकच दुःख त्यांना जाळतं: पूर्वीचं वेळास राहिलं नाही. पूर्वीचं म्हणजे नाना फडणवीसांच्या काळातलं नव्हे. ते स्वतः पहिल्यांदा आले, त्या आठवड्यातलं. गर्दी फार झाली म्हणतात. झालीच आहे. आज ओटीवर बसलेल्यांपैकी निम्मे त्यांच्याच सोसायटीतले, आणि प्रत्येकाला त्यांनी "कुणाला सांगू नका हं" असं बजावून पत्ता दिलेला.

आणि मग एके दुपारी सांगलीचे एक निवृत्त बँकवाले दाखल झाले. आल्याआल्या न विचारता माजघरात जाऊन माठातलं पाणी प्यायले. जुन्या पाहुण्यांचा अडकित्ता थांबला.

"आम्ही आलो तेव्हा पंखा नव्हता," हे म्हणाले.

"आम्ही आलो तेव्हा वीज टिकत नव्हती," सांगली म्हणाली.

"न्हाणीघर बाहेर होतं."

"आम्हाला विहिरीवर पाठवायचे."

गैरसोयींचा हा लिलाव चढत चढत विंचवापर्यंत पोचला. तेवढ्यात काका आगरातून आले. दोघांनी त्यांना घेरलं. "काका, तुम्हीच सांगा. आधी कोण आलं?"

"वहीत बघायला हवं," म्हणत काका आत गेले आणि चष्मा लावून पानं उलटत बाहेर आले. "आधी कोण ते काही लागत नाही. पण गेल्या मार्चातले एकवीस मोदक मांडायचे राहिलेत. तेव्हाचे पाहुणे कोण?"

"हेच ते!" दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून म्हणाले.