पोटतिडकीने न पाहिलेला सिनेमा

आमच्या पार्ल्याच्या इमारतीतल्या भाऊसाहेबांचं ज्या कलाकृतीबद्दल सगळ्यात ठाम मत असतं, ती त्यांनी हमखास पाहिलेली नसते. ‘पाहिलं की माणूस डळमळतो,’ असं ते अनुभवाने सांगतात. ‘घाशीराम कोतवाल’चा निषेध त्यांनी नाट्यगृहाच्या फाटकाबाहेर उभं राहून केला होता, आत गेलेल्या एका मित्राने नंतर मृदंगाची तारीफ केली, तेव्हापासून त्या मित्राशी बोलणं बंद.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून संपादकांना पत्रं लिहिणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग. कार्बन घालून दोन प्रती, खाली ‘एक जागरूक नागरिक’ अशी सही, छापून आलं की कात्रण फायलीत आणि नाही आलं की संपादक विकला गेलेला.

तर 2002 साली बातमी आली, की आनंद पटवर्धन यांच्या ‘जंग और अमन’ या युद्धविरोधी माहितीपटाला मुंबईच्या महोत्सवात पारितोषिक मिळालं. मागोमाग दुसरी बातमी, की सेन्सॉर बोर्ड तो तसाच्या तसा सोडायला तयार नाही. भाऊसाहेब सकाळी पावणेसातला माझ्या दारात, हातात पेपर.

“पटवर्धन? कुठले पटवर्धन हे?”

सिनेमा कशावर आहे, हा प्रश्न नंतरचा. मी गाढवासारखं खरं सांगितलं, “नगरचे. रावसाहेब आणि अच्युतरावांचे पुतणे.”

भाऊसाहेब मटकन खुर्चीत बसले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत अच्युतराव आपल्या वडिलांच्या माडीवर एक रात्र मुक्कामाला होते, ही त्यांच्या घराण्यातली पोथी. (असं सांगणारी इतकी घरं मला ठाऊक आहेत, की अच्युतराव त्या काळात रोज रात्री किमान तीन ठिकाणी झोपत असले पाहिजेत.)

“अच्युतरावांचा पुतण्या अणुबॉम्बच्या विरोधात?”

“अहो, अच्युतराव स्वतःच पुढे राजकारण सोडून कृष्णमूर्तींकडे वळले होते.”

“ते वय झाल्यावर! वय झालं की माणूस कुठेही वळतो,” असं म्हणून ते पत्र लिहायला गेले. ते स्वतः तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

भाऊसाहेबांची बाजूही समजून घ्यायला हवी. 11 मे 1998 ला पोखरणची बातमी आली, तेव्हा इमारतीत घरोघर पेढे त्यांनीच वाटले होते, तेही स्वतःच्या पेन्शनमधून. सतरा दिवसांनी पाकिस्तानने चगाईला स्फोट केले, तेव्हा मात्र ‘त्यांना काय गरज होती’ असं त्यांना मनापासून वाटलं. आणि आता हा पटवर्धन नावाचा माणूस भारत, पाकिस्तान, जपान, अमेरिका असा कॅमेरा घेऊन हिंडतो, पोखरणजवळच्या गावकऱ्यांना नि जादुगोड्याच्या युरेनियम खाणीशेजारच्या आदिवासींना बोलतं करतो, हिरोशिमाची म्हातारी माणसं दाखवतो. म्हणजे पेढ्यांवर पाणीच की!

तळमजल्यावर कॉम्रेड राहतात. त्यांनीही सिनेमा पाहिलेला नव्हता, पण पाठिंबा जाहीर केला होता. युद्ध ही भांडवलशाहीची गरज आहे, हे ते गॅलरीत दात घासता घासता सांगत. 1964 मध्ये चीनने बॉम्ब फोडला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, असं भाऊसाहेबांनी वरून विचारलं की कॉम्रेड चूळ भरायला आत जात आणि बराच वेळ बाहेर येत नसत. पोखरणचा पेढा मात्र त्यांनी खाल्ला होता. ‘विरोध बॉम्बला आहे, खव्याला नाही.’

दोघांचं छान चाललं होतं. वर निषेध, खाली पाठिंबा, मधल्या मजल्यावर आम्ही. बिघडलं ते सेन्सॉरच्या यादीने.

बोर्डाने एकवीस कट सुचवल्याचं छापून आलं. भाऊसाहेबांनी ‘एकवीसच का?’ अशा मथळ्याचं पत्र लगोलग टाकलं. दोन दिवसांनी तपशील आला आणि त्यात एक कट असा होता, की सर्व राजकीय नेत्यांची, मंत्र्यांची आणि पंतप्रधानांचीसुद्धा दृश्यं व भाषणं काढून टाकावीत.

त्या संध्याकाळी भाऊसाहेब माझ्याकडे आले ते वेगळेच वाटले. चहा नको म्हणाले, यावरून मी ओळखलं.

“पंतप्रधान म्हणजे... अटलजी?”

“दुसरे कोण?”

“अटलजींचं भाषण कापायचं?” त्यांचा आवाज चिरकला. अटलजींच्या दोन वाक्यांमधल्या थांबण्यावर जीव टाकणारा हा माणूस. शिवाजी पार्कवर ते थांबे त्यांनी उभ्याने ऐकले होते. “अरे, जे भर सभेत लाखो लोकांसमोर बोलले, ते सिनेमात दाखवलं तर आक्षेपार्ह कसं?”

गंमत म्हणजे पटवर्धनांचं म्हणणंही साधारण हेच होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचा रक्तदाब आधीच वरचा होता.

आठवडाभर पत्र गेलं नाही. फायलीत पहिल्यांदाच खाडा पडला. मग एक पत्र गेलं, आणि ते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड पत्र असावं. या सिनेमावर बंदी घालावी, मात्र त्यातलं काहीही कापू नये, अशी मागणी होती. संपादकांनी ते छापलं नाही. पहिल्यांदाच संपादकांचं मला पटलं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पटवर्धनांना कोर्ट नवं नाही. सिनेमा काढायचा आणि तो दाखवण्यासाठी भांडायचं, हा त्यांचा जोडधंदाच झाला आहे. 2003 मध्ये निकाल लागला, की एकही कट न देता प्रमाणपत्र द्या. भाऊसाहेबांना आनंद झाला की दुःख, हे त्यांनाही ठरवता येईना. तळमजल्यावरून कॉम्रेडांनी “काय भाऊसाहेब, जिंकलो!” अशी हाक मारली, तर यांनी वरून सवयीने हात हलवला आणि मग चपापून तो हात दोरीवरच्या टॉवेलकडे नेला.

पुढे एका छोट्या सभागृहात त्याचा खेळ होता. दोघांनाही मीच नेलं. दोघे दोन टोकांना बसले. गांधीहत्येपासून सुरुवात झाली, तशी भाऊसाहेबांनी हाताची घडी घातली. सिनेमा बराच मोठा पल्ला गाठणारा होता, तीन तासांच्या आसपासचा. कॉम्रेड मध्यंतराच्या आधीच घोरू लागले. पाठिंब्याला जागं राहायची गरज नसते. भाऊसाहेब मात्र विरोधक असल्यामुळे टक्क जागे. अटलजी आले तेव्हा ते थोडे पुढे सरकले. जपानी म्हाताऱ्यांच्या वेळी चष्मा पुसला, तो बराच वेळ पुसत होते.

मग लाहोरची शाळा आली. अणुबॉम्ब हवा की नको, यावर मुलींची वादविवाद स्पर्धा. भाऊसाहेब एकदम ताठ झाले. आंतरशालेय वक्तृत्वात ढाल मिळवलेला माणूस तो. विषय कोणताही असो, चिठ्ठीत येईल ती बाजू मांडायचे.

परतीच्या रिक्षात कोणी बोलेना. कॉम्रेड ताजेतवाने झाले होते, त्यांनी “प्रभावी!” असा अभिप्राय दिला. भाऊसाहेब विलेपार्ले स्टेशन येईपर्यंत बाहेर बघत होते. मग म्हणाले,

“त्या लाहोरच्या मुली. हातवारे जास्त करतात. पण दम कुठे घ्यायचा, ते कळतं हो त्यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ते पुन्हा माझ्या दारात होते. हातात पेपर, कुठल्यातरी नव्या नाटकाची बातमी. “पाहिलंयस का हे?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग बस. आपण पत्र लिहू.”