कच्च्या लिंबाचे न्यायशास्त्र

खेळातील न्याय दोन परस्परविरोधी मागण्यांवर उभा असतो. सर्वांना एकच नियम लागू व्हावा ही पहिली मागणी आणि सामन्याचा निकाल सामन्याआधीच ठरलेला नसावा ही दुसरी; या दोन्ही एकदम पुऱ्या होत नाहीत, हे हरलेल्या माणसाला तत्काळ उमगते, जिंकलेल्याला मात्र समजावून सांगावे लागते. या पेचातून सुटण्यासाठी खेळांनी काढलेल्या युक्तीला हँडिकॅप म्हणतात, म्हणजे बलवानावर मुद्दाम ओझे टाकायचे किंवा दुबळ्याला मुद्दाम सूट द्यायची, जेणेकरून शेवटपर्यंत दोघांनाही आपणच जिंकू असे वाटत राहावे. घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत हे ओझे शब्दशः पाठीवर असते. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर अशा शर्यतीत गुणी घोड्याला जास्त वजन घेऊन धावावे लागते, आणि जो काम करतो त्याच्याच टेबलावर फायली वाढतात हा कचेरीतला नियम तिथे घोड्यालाही चुकलेला नाही.

या युक्तीचे सर्वांत हिशेबी रूप अमेरिकेतील हौशी पूल लीगमध्ये पाहायला मिळते. पूल म्हणजे कॅरमसारखाच, पण सोंगट्यांऐवजी चेंडू आणि बोटाऐवजी क्यू नावाची काठी वापरून, सहा खिशांच्या टेबलावर खेळायचा खेळ. टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या लीगमधून पुढे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन ही संस्था वाढली. तिच्या ‘एट-बॉल’ या प्रकारात प्रत्येकाला २ ते ७ यांपैकी एक कौशल्यपातळी मिळते. ७ पातळीचा खेळाडू २ पातळीच्या खेळाडूसमोर उभा राहिला, तर पहिल्याला ७ डाव जिंकावे लागतात आणि दुसऱ्याला फक्त २ पुरतात. ‘नाइन-बॉल’ या दुसऱ्या प्रकारात तर सर्वोच्च ९ पातळीच्या खेळाडूला ७५ गुणांची मजल मारायची असते, तेव्हा १ पातळीचा खेळाडू १४ गुणांवर घरी जायला मोकळा असतो. एवढ्याने समाधान न झाल्यामुळे आणखी एक नियम आहे: संघाकडून खेळणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे एखाद्या संघात सगळेच तरबेज झाले, तर त्या संघाचे अभिनंदन होते आणि मग त्यातल्या काहींना बाहेर बसावे लागते.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष वाटते, आणि तिचा दोषही कागदावरच आहे, कारण तो आकडा खेळाडूचे कौशल्य मोजत नसून त्याने दाखवलेले कौशल्य मोजतो. दाखवणे हे खेळाडूच्या हातात असल्याने कमी दाखवण्याची एक स्वतंत्र विद्या निर्माण झाली असून तिला सँडबॅगिंग म्हणतात. या विद्येचा अभ्यासक सोपा चेंडू खिशाच्या तोंडाशी नेऊन हळहळतो, कपाळाला हात लावतो आणि मनातल्या मनात पुढच्या हंगामातील अंतिम फेरीची तयारी करतो. संस्था त्याला ओळखण्यासाठी डावात किती पाळ्या लागल्या आणि किती फटके केवळ बचावासाठी मारले गेले याची नोंद ठेवते. म्हणून मुरलेला सँडबॅगर जिंकण्यासाठी जेवढा सराव करतो, त्याहून अधिक सराव विश्वासार्ह रीतीने चुकण्याचा करतो. गोल्फने यावर वेगळा तोडगा काढला आहे. २०२० पासून लागू असलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांचीच सरासरी घेतली जाते, त्यामुळे अधूनमधून वाईट खेळून काहीच साधत नाही. सातत्याने, महिनोन्महिने वाईट खेळावे लागते, आणि एवढी चिकाटी ज्याच्याजवळ असते तो एव्हाना चांगला खेळू लागलेला असतो.

शिरूर अनंतपाळ, निलंगा, देवणी, उदगीर या लातूर जिल्ह्यातील पट्ट्यात या प्रश्नाचा विचार पूलच्या टेबलाविना फार पूर्वीच झालेला आहे. त्याचे पहिले सूत्र, जे अर्थात महाराष्ट्रभर प्रचलित आहे, ते म्हणजे कच्चा लिंबू. मोठ्या मुलांच्या खेळात आग्रहाने घुसलेल्या, किंवा ‘यालाही घ्या रे’ या आईच्या हुकमाने घुसवलेल्या लहानग्याला कच्चा लिंबू म्हणतात. तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्रिफळा उडाला तरी तो बाद होत नाही. सवलतीच्या दृष्टीने पाहिले, तर ही नाइन-बॉलच्या १४ गुणांपेक्षा किती तरी उदार तरतूद आहे. तरीही वर्षानुवर्षे कच्चा लिंबू राहण्यासाठी कोणी मुलगा मुद्दाम धडपडल्याचे ऐकिवात नाही. उलट चारच दिवसांत तो ‘मला पक्कं घ्या’ म्हणून रडू लागतो, आणि त्या रडण्यातच पूल लीगला न सापडलेले उत्तर आहे. ही सवलत फुकट मिळत नाही. तिची किंमत चारचौघांत मोजावी लागते. पूल लीगमधली २ ही पातळी दप्तरात नोंदली जाते, कच्चा लिंबू मात्र अंगणभर ओरडून जाहीर केला जातो.

दुसरे सूत्र भिडू वाटण्याचे. दोन पुढारी ठरले की बाकीची मुले आपापल्या तोडीचा जोडीदार शोधतात, बाजूला जाऊन गुपचूप दोन नावे घेतात आणि खांद्यावर हात टाकून पुढाऱ्यापुढे येतात. पुढारी एक नाव मागतो, ते ज्याचे असेल तो त्याच्याकडे जातो आणि दुसरा आपोआप पलीकडे. इथे कौशल्यपातळी ठरवणारी संस्था नाही, कारण ज्यांची तुलना व्हायची तेच ती करतात, आणि जोडी फुटून समोरासमोर जाणार असल्यामुळे खोटी जोडी लावून फायदा कोणाचा होईल हे जोडी लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तिसरे आणि सर्वांत प्रगल्भ सूत्र जत्रेतील कुस्त्यांचे, ज्यात बरोबरीचे दोन मल्ल निवडण्याला जोड लावणे म्हणतात. ऑलिंपिकच्या कुस्तीत हा निर्णय वजनकाटा देतो. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळवलेले कांस्यपदक बँटमवेट या वजनगटातले होते. जत्रेत काट्याची जागा पंचांची नजर घेते. मल्ल आखाड्यात फिरतो, पंच दोघांना पुढे ओढतात, दोघे एकमेकांना न्याहाळतात, हात मिळवला की जोड ठरली. आणि ती विषम वाटली, तर हलगीच्या आवाजावर मात करून आक्षेप घेणारे तज्ज्ञ कडेला शेकड्यांनी बसलेले असतात. या तज्ज्ञांना मल्लाचा बाप, वस्ताद, खुराक आणि मागच्या जत्रेतील कुस्ती, सारे ठाऊक असल्याने बळ लपवण्याची सोय राहत नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर या परिसरातील कोणत्याही आखाड्यात त्यांना ‘आपण नवशिके आहोत’ असे भासवणे जमले नसते, आणि जमले असते तरी ते त्यांना शोभले नसते.

ही पद्धत निर्दोष आहे असा मात्र समज करून घेऊ नये. पंचाची नजर भाच्याच्या बाबतीत अंमळ कमकुवत होते, आणि परगावच्या अनोळखी मल्लापुढे कडेचे तज्ज्ञही अंदाजाने बोलतात. हजारो अनोळखी माणसे एकमेकांशी खेळणार असतील, तर आकड्याला पर्याय नाही, हे पूल लीगचे म्हणणे म्हणूनच खरे आहे. निर्विवाद मोजमाप या परिसरात फक्त गुरांच्या वाट्याला आले आहे. देवणी जातीच्या जनावरांचे प्रदर्शनात गट पाडताना दात पाहतात. कायमचे दात न आलेले ते आदत, मग दोन दाती, चार दाती, असे करत आठ दातांचे जुळलेले जनावर. जबडा उघडला की प्रश्न संपतो, कारण वरच्या गटात हरण्याची भीती वाटते म्हणून कोणत्याही खोंडाला दात मागे घेता येत नाहीत. शालेय स्पर्धांत मात्र चौदा वर्षांखालील गटाचा निर्णय दातांऐवजी जन्मदाखल्यावर होतो, आणि त्या गटात दाढी करून आलेले खेळाडू अधूनमधून दिसतात.

तेव्हा हँडिकॅपचा नियम न्याय्य आहे की नाही, हे त्याच्या गणितावरून ठरत नाही. सूट घेणाऱ्याला ती घेताना काय सोसावे लागते आणि ती सोडताना काय मिळते, यावरून ठरते. पूल लीगमध्ये या दोन्ही बाजू उलट्या पडल्या आहेत: खालच्या पातळीवर राहणाऱ्याला संघात मान असतो, कारण त्याच्यामुळे २३ ची बेरीज जुळते, आणि प्रामाणिक सराव करून ५ वरून ६ वर गेलेल्या माणसाला, आता कोणाला वगळायचे, या चर्चेत स्वतःचेच नाव ऐकावे लागते. खरा अन्याय होतो तो याच माणसावर, सँडबॅगरकडून हरणाऱ्यावर नव्हे. जत्रेच्या पंचांनी हा घोटाळा होऊ दिलेला नाही. तिथे पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग रोख इनामावर, आणि शेवटच्या मानाच्या कुस्तीचे इनाम सर्वांत मोठे असते, त्यामुळे वरच्या जोडीला जाणे अवघड असले तरी तोट्याचे नसते. जो मल्ल बळ चोरून दरसाल खालच्याच जोडीला उभा राहील त्याला दरसाल रेवड्याच मिळतील, आणि मिशी फुटल्यावर साऱ्या गावादेखत रेवड्या जिंकायला आखाड्यात उतरण्याचे धाडस भल्याभल्या पहिलवानातही नसते.