छंद लावायचाय लेकराला

जवळा बाजार गावात घरोघर सध्या एकच घोर : लेकरू मोबाइल सोडत नाही, त्याला काहीतरी छंद लावायचाय. सायकल? नको, औंढ्याच्या रस्त्याला ट्रक असतात. पोहणं? विहिरीकडे फिरकलास तर तंगडं मोडीन. कबड्डी? यंदा दहावी आहे. (गेल्या वर्षी नववी होती, म्हणून नको होती.)

औंढा नागनाथचं हेमाडपंती देऊळ जवळच आहे. वही-पेन्सिल घेऊन एका शिल्पासमोर बसलं, तरी सुट्टी पुरायची नाही. पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे, काठाला पाखरं असतात. पण ‘त्यानं मार्क वाढतात का?’ या प्रश्नापुढं शिल्पं आणि पाखरं, दोघंही गप्प.

हळद शिजायच्या दिवसांत पोरगं आपणहून शेतात आलं. वाफाळलेली हळद पसरायला हात घालणार, तोच बाप ओरडला, ‘उन्हात काळा पडशील, घरी जा!’

आता मोठ्या शहरातलं उन्हाळी शिबिर ठरलंय. फी भरली की शेत दाखवतात, मातीत लोळवतात, वर प्रमाणपत्रही देतात. येताना पांढरे कपडे आणा म्हणालेत. फोटोत चिखल उठून दिसतो.