मुदतीची सून

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, लोहखनिजासाठी प्रसिद्ध असलेल्या सूरजागडच्या परिसरात एखादी परदेशी सून पर्यटक व्हिसावर येऊन बाळंत झाली, तर घरात पाहुणा नवा आला तो बाळच, असे गाव समजते. कायद्याच्या लेखी मात्र पाहुणी ठरते ती बाळाची आई. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, 3 डिसेंबर 2004 पासून भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर ते मूल जन्मतःच भारतीय होते. त्यामुळे ज्याला अजून मानही धरता येत नाही तो देशाचा नागरिक, आणि त्याची मान सावरून धरणारी माउली मुदतीवर राहिलेली.

सासूबाईंचा हुद्दाही बदलतो. परदेशी व्यक्तीला घरी ठेवून घेणाऱ्याने 24 तासांत सरकारला वर्दी द्यावी लागते, म्हणजे ओटी भरून घरात घेतलेल्या सुनेपुरत्या त्या लॉजवाल्यांच्या पंगतीला बसतात. पर्यटक व्हिसा सहसा वाढवून मिळत नाही. तरी भारतीयाच्या जोडीदाराला तो ‘प्रवेश व्हिसा’ या वर्गात बदलून मागता येतो, आणि 2018 पासून त्यासाठीचा अर्ज ‘ई-एफआरआरओ’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो.

या अर्जापायी घडणाऱ्या प्रवासाची खरी मौज इथेच आहे, कारण कागदोपत्री तो करण्याची गरजच नाही. घरबसल्या करायच्या कामासाठी रेंज हवी, रेंजसाठी नवऱ्याने मोटारसायकल काढून एटापल्ली गाठावी, आणि तिथला स्कॅनर रुसला तर खनिजाच्या ट्रकांमागून धूळ खात आलापल्लीपर्यंत जावे. फोटोची पार्श्वभूमी पांढरी लागते. दाराला टांगलेली धुवट चादर फोटो निघेपर्यंत तांबूस होते. राहत्या जागेचा पुरावा म्हणून पुढे केलेले वीजबिल आजेसासऱ्यांच्या नावे निघते, आणि बाळाच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी असते, कारण बारसे व्हायचे असते. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये हा घरचा नियम, तर जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी हा सरकारचा. दोन्ही नियम एकाच वेळी पाळण्याची कसरत अर्थातच नवऱ्याच्या वाट्याला येते. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असल्याने चौकशीला पोलीस दारी येतात, तेव्हा त्यांना चहाबरोबर बाळही दाखवले जाते. यात गाऱ्हाणे करण्यासारखे फारसे नाही, कारण आलापल्लीच्या त्याच रस्त्याने जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या सागाच्या लाकडालाही वाहतूक परवाना लागतो आणि खनिजालाही लागतो.

अशा घरांनी एवढे करावे: बारशाचा मुहूर्त पाहतानाच व्हिसाची शेवटची तारीख पाहावी, आणि ती उलटण्याआधी अर्ज भरावा.